जर्मनीतल्या आजीसाठी मोठा टाइप

आमच्या घरात जर्मन कुणालाच येत नव्हते. तरी माझ्या पत्नीने आयुष्यातले शेवटचे मोठे काम जर्मन भाषेत केले. तेही अशा जुन्या, काळ्या, टोकदार अक्षरांत, की आजची जर्मन मुलेसुद्धा ती अडखळत वाचतील.

ती घरीच डीटीपीचे काम करायची. भिवंडीत या कामाला तोटा नाही. लग्नपत्रिका, कापडाच्या ताग्यांवरची लेबले, दापोड्याच्या गोदामांतल्या खोक्यांवर लावायचे स्टिकर. एकेका लेबलावर मराठी, उर्दू, गुजराती आणि इंग्रजी एकाखाली एक. यातली उर्दू तिला वाचता येत नसे, गुजराती जेमतेम. गिऱ्हाइकाने दिलेला नमुना डाव्या हाताला ठेवायचा आणि पडद्यावर एकेक अक्षर तसेच उभे करायचे. "वाचायचं कुठं हाय? जुलवायचं हाय," असे ती म्हणे. ती अंजूरची. इतकी वर्षे शहरात राहूनही तिच्या बोलण्यातली खाडीकाठची हवा गेली नव्हती.

मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केलेला माणूस. मजकूर कळल्याशिवाय त्याला हात लावणे मला पटत नसे. तसे बोललो की ती म्हणे, "तुम्ही सगलं वाचून काय केलंत? मी न वाचता घराला रंग दिला."

जर्मनीचे काम इंटरनेटवरून आले. तिकडच्या एका बाईंची आई खूप म्हातारी होती आणि तिची आठवण हळूहळू पुसत चालली होती. आजची साधी छापील अक्षरे तिला वाचता येईनाशी झाली होती. वर्तमानपत्र हातात दिले तर ती ते उलटसुलट करून बाजूला ठेवी. पण लहानपणी ज्या जुन्या वळणाच्या अक्षरांत ती वाचायला शिकली, ती अक्षरे मात्र तिच्यात शाबूत होती. तिचे वडील शाळामास्तर होते. आपल्या विणकरांच्या गावाच्या आठवणी त्यांनी लिहून एका लहानशा पुस्तकात छापल्या होत्या. ते पुस्तक घरात होते, पण त्याचा छाप बारीक आणि फिका पडलेला. लेकीला ते सगळे नव्याने, त्याच वळणात, पण मोठ्या टाइपात हवे होते. आईला वाचता येते आहे तोवर. ही एकच अट होती.

पुस्तकाच्या पानांचे फोटो प्रथम पडद्यावर आले तेव्हा पत्नी बराच वेळ बघत राहिली. मग मला हाक मारली. "ही अक्षरं हायत का बाभलीचं कुंपन?"

खरेच कुंपण होते ते. रुंद टाकाने मोडून मोडून काढल्यासारख्या रेघा. 'क' आणि 'ट' यांत केसाइतका फरक. 'स' दोन तऱ्हेचे, एक शब्दाच्या शेवटी येणारा गोल, दुसरा मध्ये येणारा लांब, तो पुन्हा 'फ'सारखा दिसणारा. आजचे सॉफ्टवेअर असल्या लिपीला पाहुणी समजते. फॉन्ट घालून झाला, तरी ते प्रत्येक शब्दाखाली लाल नागमोडी रेघ ओढी, आपल्याच मनाने शब्द बदली आणि चिकटून यायला हवीत ती अक्षरे सुटी ठेवी. तिने त्याच्या एकेक सवयी बंद केल्या आणि आपल्या सवयी त्याला लावल्या. अमुक दोन अक्षरे लागोपाठ आली की ती जोडूनच घे. या शब्दात मी घाईने नेहमी चुकते, तिथे तू दुरुस्त कर. एखाद्या नव्या सुनेला घर दाखवावे तशी ती त्याच्याशी पुटपुटत असे.

एक गोष्ट तिला फार नवलाची वाटली. या लिपीत तिरपा टाइप नसतो. एखाद्या शब्दावर जोर द्यायचा तर त्याची अक्षरे एकमेकांपासून लांब करतात.

"आपल्यात असं केलं तर वरची रेघ तुटल," ती म्हणाली. "शब्द मरल."

"त्यांच्यात वर रेघच नाही," मी म्हणालो.

"म्हनूनच जमतं त्यांना."

पहिली काही पाने गेली आणि जर्मनीतल्या त्या लेकीने एक ध्वनिफीत पाठवली. आजी वाचत होती. जाड, सावकाश, थोडा घोगरा आवाज. पत्नीने ती हात न थांबवता ऐकली. संपल्यावर म्हणाली, "मला एक शब्द कलला न्हाय. पन हे मी लिवलंय ना?" मग परत लावायला सांगितले.

दिवाळीच्या आधी ती आजारी पडली. आधी साधी कावीळ वाटली. ठाण्याच्या इस्पितळात नेईपर्यंत बरेच काही होऊन गेले होते. त्याबद्दल मला इथे अधिक लिहवत नाही.

दिवस-कार्य आटोपल्यावर मी जर्मनीला कळवले. त्या बाईंचे उत्तर लगेच आले. दुःख व्यक्त करून त्यांनी लिहिले होते की उरलेले काम मी दुसऱ्या कुणाकडे देईन, तुम्ही त्याचा विचार करू नका. पण खाली आणखी दोन ओळी होत्या. आई रोज दुपारी एक पान वाचते. वाचते तेवढा वेळ ती आमच्यात असते. तयार असलेली पाने आता संपत आली आहेत, आणि नव्या माणसाला हे समजावून सांगेपर्यंत किती दिवस जातील कोण जाणे.

मी कळवले की मी करतो.

मेहुणी अंजूरहून आली होती. तिने मला आपल्या बहिणीच्या खुर्चीत बसलेले बघितले आणि डब्यातली भाजी ओट्यावर ठेवून दारातच उभी राहिली.

"दाजी, तुमाला येतं तरी काय त्यातलं?"

"तिला तरी कुठे येत होतं?"

"तिच्या हातांना येत होतं."

मी एका बोटाने टाइप करीत राहिलो.

त्या यंत्रात ती होती. यापेक्षा वेगळे मला सांगता येत नाही. मी मजकुरात काही बदलले की समासात नोंद उमटे, आणि नोंदीपुढे तिचे नाव येई, कारण यंत्र तिच्या नावाने चालत होते. ते बदलता येते हे मला माहीत होते. मी बदलले नाही. आणखी एक प्रकार होई. एखादा शब्द माझ्या हातून चुकीचा पडे आणि मी मागे जाऊन खोडणार, एवढ्यात तो आपोआप सुधारला जाई. चूकही तिचीच नेहमीची, दुरुस्तीही तिचीच. भर दुपारी, खालच्या कारखान्यातले लूम खटखटत असताना, माझ्या बोटांपुढे कुणीतरी एक पाऊल चालत होते. एकदा वीज गेली. लूम थांबले, पंखा थांबला. बॅटरीवर पडदा तेवढा चालू राहिला. त्या शांततेत मी एक अक्षर दाबले आणि दोन अक्षरे जोडून उमटली. मी उठून गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

खालच्या कारखान्याचे मालक बिडी ओढत बाहेर आले होते. वर बघून म्हणाले, "सर, लाइट जाती है तो ऊपर की टकटक सुनाई देती है. लगता है भाभी बैठी हैं."

"हां," मी म्हणालो. दुसरे काय म्हणणार?

माझी पहिली काही पाने गेली. आठवड्याभराने ध्वनिफीत आली. सोबत लेकीने संकोचत लिहिले होते की आई या पानांवर सारखी थांबते आहे. कदाचित तिची तब्येत उतरली असेल. तुमचा दोष नसावा.

मी ऐकले. आजी सुरुवातीला सरळ वाचत गेली. मग एका शब्दापाशी थांबली. पुन्हा मागून आली, पुन्हा तिथेच थांबली. पुढच्या वेळी तिने त्या शब्दातली अक्षरे एकेक करून म्हटली, मूल पहिल्यांदा शिकते तशी, आणि शेवटी गप्प झाली. त्या गप्प बसण्याची मला भीती वाटली. दूर कुठेतरी एक दार होते आणि ते माझ्या हाताने लागत होते.

मी पत्नीची पाने आणि माझी पाने शेजारी शेजारी उघडली. फरक लवकर दिसेना. फॉन्ट तोच, माप तेच, ओळींतले अंतर तेच. वाचून काही कळण्यासारखे नव्हते, म्हणून मी वाचणे सोडले आणि नुसते बघत राहिलो, ती बघायची तसे. तेव्हा दिसले. आजी जिथे जिथे थांबली होती, तिथे जोर दिलेला शब्द होता. मी तो शब्द निवडून सॉफ्टवेअरला अंतर वाढवायला सांगितले होते आणि त्याने सगळी अक्षरे सारखी लांब केली होती. तिच्या पानांवर तसे नव्हते. जोराच्या शब्दातही काही जोड्या तिने सोडवलेल्या नव्हत्या. 'सी' आणि 'एच', 'सी' आणि 'के', 'टी' आणि 'झेड'. बाकी सगळी अक्षरे एकमेकांपासून दूर, या जोड्या मात्र जशा होत्या तशा, खांद्याला खांदा लावून. मूळ पुस्तकाच्या फोटोत बघितले. तिथेही तसेच. जुन्या छापखान्यात या जोड्या शिशाच्या एकाच खिळ्यावर ओतलेल्या असत, हे मी नंतर वाचले. आजीच्या डोळ्यांना ते एकच अक्षर होते आणि मी ते मधोमध कापले होते.

दुरुस्ती एकेका ठिकाणी हातानेच करावी लागली. जोडीतले पहिले अक्षर निवडायचे, त्याच्यापुढचे अंतर शून्य करायचे, पुढे जायचे. अंतर वाढवले की यंत्र पत्नीने शिकवलेल्या जोडण्याही विसरते, असे दिसले. प्रत्येक जोडी जुळली की समासात तिचे नाव उमटत होते. मेहुणी मागे येऊन उभी राहिली होती, मला कळले नव्हते.

"काय करताव?"

"चिकटवतोय."

ती थोडा वेळ बघत राहिली. "ताईला दोन दोन अक्षरं अशी जवल ठेवताना मी बगितलंय," ती म्हणाली. "मी बोलले, कशापायी? तर बोलली, हितं फोटोत जवल हायत म्हनून."

मी पाने पुन्हा पाठवली. पुढची ध्वनिफीत आली ती मी बराच वेळ उघडली नाही. उघडली तेव्हा आवाज न अडखळता चालत होता. आजी एका ठिकाणी हसलीसुद्धा. कशाला, ते मला माहीत नाही. विणकरांच्या गावात काहीतरी गंमत घडली असावी.

त्यासोबत लेकीने एक गोष्ट विचारली होती. आई नेहमी विचारते, ही पाने कोण पाठवते. मी तिला सुरुवातीला सांगितले होते की भारतात एक बाई बसून तुझ्यासाठी ही अक्षरे लावते आहे. अजूनही मी तेच सांगते. खरे सांगितले तर तिला दर दुपारी नव्याने ऐकावे लागेल. तुमची हरकत नाही ना?

मी लिहिले, हरकत नाही. पाठवून झाल्यावर मनात आले की आता जगात एक खोली अशी आहे, जिथे ती रोज दुपारी बसून काम करते आहे.

पुस्तक संपत आले तसा माझा वेग कमी झाला. शेवटचे पान पाठवले त्या दिवशी मी यंत्र बंद केले, त्यावर तिने शिवलेले कापड घातले आणि कारखान्यावरून चालत नाक्यापर्यंत गेलो. वाटले, झाले.

झाले नव्हते. लेकीचे पत्र आले. आईने शेवटचे पान वाचले, कागद उलटा केला आणि मागे काहीच नाही हे बघून विचारले, पुढचे कुठे आहे? जुनी पाने पुन्हा दिली तर ओळखते आणि परत करते. दोन दुपारी ती काहीही न वाचता खिडकीकडे बघत बसली. लेकीने लिहिले होते, तुमच्याकडे त्या अक्षरांत आणखी काही आहे का? काहीही चालेल. अर्थ ती आता विचारत नाही. तिला फक्त वाचायचे असते.

मी कापड काढले. माझ्याकडे जर्मन नव्हते. नवे कोरे पान उघडून मी कितीतरी वेळ बसलो. मग त्या काळ्या, टोकदार अक्षरांत, मोठ्या टाइपात, मी आमच्या घरातले एक मराठी वाक्य, मोबाइलवर इंग्रजी अक्षरांत लिहितात तसे, लावले. मी दुपारी वाचत बसलो की पत्नी स्वयंपाकघरातून म्हणायची ते. पुस्तक मिटा आता, भाकर निवते. 'पुस्तक'मधला 'स' लांब घातला आणि त्याला पुढच्या 'टी'जवळ नेले. ते कुठल्या भाषेत आहे आणि काय आहे हे मी लेकीला कळवले. आवडले नाही तर देऊ नका, असेही लिहिले.

ध्वनिफीत अगदी छोटी होती. आजीने घसा साफ केला. मग तोच घोगरा, सावकाश आवाज, आणि त्यात पुस्तक, आणि मिटा. 'निवते'चे तिने 'निफ्टे' केले. भाकरीतला 'ह' वेगळा सुटून आला. ते माझ्या पत्नीच्या बोलण्यासारखे मुळीच नव्हते. माझे हात टेबलावर होते ते मी मांडीवर घेतले.

खाली लेकीने लिहिले होते: आईने दोनदा वाचले. ती विचारते आहे, त्या बाई यानंतर काय म्हणतात?

एका हाकेत मी कधीच उठत नसे. त्यामुळे तिला पुढे बोलावेच लागे, आणि ते पहिल्याइतके गोड नसे. ते नेमके शब्दांत आठवायला मला थोडा वेळ लागला. मी नवे पान उघडले.