तीन चांदण्यांचा दसरा

जरा जवळ या बघू. तिकडं उंबऱ्यापाशी बसून कसं ऐकू येणार? तुमचं हे असंच! शेजारच्या घरात आज कुठला सण आहे, एवढं विचारायलाही तुम्हाला सवड नसते. आमची सिस्टर असती तर कमरेवर हात ठेवून म्हणाली असती, "विचारा की! विचारलं की कळतं."

नव्वद सालानंतरची गोष्ट. ती आमच्या गल्लीत भाड्यानं राहायला आली. दवाखान्यात नर्स, म्हणून सगळे तिला सिस्टर म्हणायचे. मूळची अलिबागकडची, नवरा वारलेला, मुलगा इस्राएलला. साडी आमच्यासारखी, मराठी आमच्याहून चांगली. पण शनिवारी चूल बंद. "आम्ही ज्यू. वाडवडील तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे. म्हणून लोक आम्हाला शनवार तेली म्हणायचे," तिनं मला सांगितलं. दार मात्र सदा उघडं. कुणाला ताप आला, कुणाचं पोट बिघडलं, की पाय तिकडंच वळायचे.

आणि पहिल्याच दसऱ्याला ते दार बंद!

कोल्हापुरात सोनं द्यायला आलेल्या माणसाला बंद दार? गल्लीतले वडीलधारे तात्या आपट्याची पानं घेऊन गेले. तीनदा कडी वाजवली. आत दिवा दिसत होता, पण ओ नाही. तात्या लालेलाल झाले. "माजलीया! आजपासनं तिच्या दारात कुणी जायाचं न्हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी तीच तात्यांच्या दारात उभी. एका हातात गोड पुऱ्यांचं ताट, दुसऱ्या हातात आपट्याची पानं. मी जीव मुठीत धरून मागं.

"तात्या, काल आमचा दारफळणीचा सण होता. वर्षभराच्या चुकांची देवाकडे माफी मागायची. दार लावून बसायचं, पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, बाहेरच्याशी बोलायचं नाही. आज शिळा सण, आज सगळ्यांना भेटायचं. शिळं सोनं चालेल ना?"

तात्या पानांकडं बघत राहिले. "दार उघडता कवा?"

"तीन चांदण्या दिसल्या की."

"मग हे आदी सांगायचं न्हाय व्हय?"

"माझं चुकलंच. पण तुम्ही तरी विचारलंत कुठं?"

आधी तात्यांच्या मागं उभी त्यांची बायको, आमच्या काकू, हसल्या. मग तात्यांनी पुरी उचलली.

पुढं ज्या ज्या वर्षी तिचा उपास आणि दसरा एकाच दिवशी आला, त्या त्या वर्षी मी तिच्या पायरीवर राखणीला. संध्याकाळी सगळी गल्ली हातात सोनं घेऊन माना वर करून उभी.

"ती बघा, एक!"

"डोळं तपासून घ्या तात्या, मंडळाचा बल्ब हाय त्यो."

तिसरी चांदणी दिसली की कडी वाजायची. पांढरी साडी, सुकलेले ओठ, जोडलेले हात. मी आधी पाण्याचा तांब्या पुढं करायची. सोनं कुठं पळतंय?

मग मुलानं तिला तिकडं नेलं. सणाच्या दुसऱ्या दिवशी फोन येतो. मागच्या खेपेला म्हणाली, "आक्का, इथं त्या दिवशी सगळ्या गावाचीच दारं बंद. रस्त्यावर गाडी नाही. कुणाला काही समजवावं लागत नाही. बाहेर कुणी ताटकळतही नाही."

शेजारी बसलेल्या तात्यांनी माझ्या हातातला रिसीव्हर ओढून घेतला आणि नेहमीसारखे ओरडले, "सिस्टर, काल लई ढग हुतं! आदी दोनच चांदण्या दिसल्या. तिसरी दिसंस्तवर गल्लीत सोनं वाटू दिलं न्हाय बघा. या की लवकर!"