आप्पांच्या तोंडातली भाकर

रेडिएशन संपलं तेव्हा आप्पांचं तोंड दीड बोट उघडत होतं. डॉक्टर मापायचेच तसं, समोरच्या दातांच्या फटीत आपली बोटं उभी घालून. धड माणसाचं तीन बोटं उघडतं. मी घरी आल्यावर आरशासमोर करून बघितलं, माझं साडेतीन उघडलं. ते बघून मला उगीचच चोरी केल्यासारखं वाटलं.

आप्पा म्हणजे माझे वडील. निलंग्याला त्यांची ज्वारीची आडत होती. माल आला की ते पोत्यात मूठ घालून चार दाणे काढायचे, दाढेखाली धरायचे आणि डोळे मिटायचे. दाणा कटकन् फुटला तर वाळलेला, नुसता दबला तर ओला. मग त्याचं पीठ होईस्तोवर चघळत बसायचे आणि सांगायचे, "काळ्या रानातली हाय. हिला गोडी हाय." समोरचा शेतकरी मान हलवायचा. दोन पोत्यांच्या मधल्या वेळात त्यांच्या गालात सुपारी असायची. चाळीस वर्षं ती तिथंच होती. आधी गाल आतून पांढरा पडून ताठ झाला, मग तिथं गाठ आली, आणि मग आम्ही लातूरच्या दवाखान्याच्या फेऱ्या मारू लागलो.

मी लातुरातच राहते, दोन खोल्यांत, तिसऱ्या मजल्यावर. लग्न केलेलं नाही. मेडिकलच्या प्रवेश परीक्षेची तयारी करून घेणाऱ्या एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवते. अव्वा, म्हणजे माझी आई, जाऊन बरीच वर्षं झाली. भाऊ पुण्यात असतो. तेव्हा आप्पा माझ्याकडं येणार हे कुणी ठरवलं नाही, ते आपोआप झालं. एका सकाळी त्यांची इष्टलिंगाची डबी, भस्माची वडी आणि चार धोतरं माझ्या कपाटात आली.

इमारतीला लिफ्ट नाही. रेडिएशनच्या शेवटच्या दिवशी आप्पा जिना चढून वर आले, पलंगावर बसले, आणि मग तपासणीच्या फेऱ्या सोडल्या तर कित्येक महिने खाली उतरले नाहीत.

पहिल्या दिवशी मी त्यांना दुधात भाकर कुस्करून दिली. त्यांनी चमच्यानं जेवढी फट होती तेवढ्यातून ती आत सरकवली. बराच वेळ जबडा हलवला. मग पाण्याचा घोट घेतला, पुन्हा हलवला, आणि शेवटी सगळं वाटीत परत काढलं.

"माती हाय," ते म्हणाले.

"आप्पा, निलंग्याहूनच आणलेली ज्वारी आहे. तुमचीच."

"ज्वारी माझी हाय गं. तोंड माझं न्हाई राहिलं."

रेडिएशननं त्यांच्या लाळेच्या ग्रंथी जाळल्या होत्या. हे होणार हे मला आधीच माहीत होतं. फॉर्मवर सही करताना वाचलंही होतं. पण लाळ जाणं म्हणजे काय, हे मला त्या वाटीत बघून कळलं. भाकर तशीच्या तशी परत आली होती, पांढरी, चोथ्यासारखी.

आणि हाच माझा धडा होता. दर वर्षी मी वर्गात घरची शिळी भाकर नेते, मुलांना एकेक तुकडा देते आणि सांगते, गिळू नका, चावत राहा. मिनिटभरानं कुणीतरी म्हणतं, मॅडम, गोड लागतंय. मग मी सांगते की लाळेतलं विकर पिठूळ पदार्थाची लांब साखळी तोडून तिची साखर करतं. ते विकर बनवायची सूचना आपल्या पेशीत एकदा लिहिलेली नाही, पुन्हा पुन्हा लिहिलेली आहे. चिंपांझीच्या मानानं आपल्याकडं तिच्या कितीतरी जास्त प्रती आहेत. कारण आपले पूर्वज कंद उकरून, विस्तवात भाजून खात आले. ज्याच्या तोंडात पीठ लवकर विरघळलं त्याला त्याचा फायदा मिळाला असावा. आणि आपला मेंदू, जो सगळ्या शरीराच्या मानानं एवढासा आहे, तो दिवसभर साखरच मागत असतो.

त्या वर्षी मी धडा अर्ध्यावर आणला तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला.

"मॅडम, एखाद्याला लाळच नसली तर तो उपाशी मरेल का?"

"नाही," मी म्हणाले. "स्वादुपिंडातही तसंच विकर असतं. पोटात गेलं की पचतं."

"मग लाळेतल्याचा उपयोग काय?"

उत्तर मला येत होतं. पोटात जायला आधी ते गिळावं लागतं आणि गिळायला आधी ते खावंसं वाटावं लागतं, एवढंच सांगायचं होतं. मी मुलांना पुढचं पान उघडायला सांगितलं.

घरी आप्पांचं वजन उतरत होतं. मी वाटी ठेवून क्लासला जायचे, परत यायचे तर वाटी रिकामी असायची आणि तरी धोतर कमरेवर टिकत नव्हतं. एके दिवशी तास लवकर संपला. मी इमारतीच्या फाटकाशी आले तर खाली एक पिवळं कुत्रं वर बघत शेपूट हलवत होतं. वर आमच्या गॅलरीतून आप्पांचा हात बाहेर आला आणि कुस्करलेली भाकर पडली.

वर गेले तेव्हा ते पलंगावर बसलेले होते. मी रागावणार होते. पण त्यांचा चेहरा बघून शेजारी बसले.

"ते बरं खातं," ते म्हणाले. "लांडग्याची जात, पन भाकर खातं."

"आपल्याजवळ राहून शिकलंय ते. माणसाचं उष्टं खाऊन खाऊन त्याचं शरीरसुद्धा बदललं. लांडग्याला पीठ नीट पचत नाही, कुत्र्याला पचतं."

मग मी त्यांना सगळंच सांगितलं. कंद, विस्तव, प्रती, मेंदू. शेती सुरू व्हायच्या आधीच हे घडू लागलं असं मानतात, तेही. आप्पा सातवी शिकलेले, पण दाण्याची गोष्ट म्हटल्यावर ते ऐकतात.

"म्हंजे आपनबी त्या कुत्र्यावानीच बदललो."

"हो."

"अन् आता मागं फिरून फळं-पाला खात बसता येत न्हाई."

"तेवढ्यावर नाही भागणार."

"मग अडकलोच म्हन की," आप्पा म्हणाले, आणि गॅलरीच्या गजांकडं बघत राहिले.

पुढच्या तपासणीत डॉक्टरांनी नाकातून नळी घालू असं सांगितलं. आप्पांनी मान हलवून नाही म्हटलं. लिंगपूजा केल्याशिवाय तोंडात पाणीही न घेणारा माणूस. नाकातून पोटात गेलेलं अन्न त्यांच्या हिशेबी अन्नच नव्हतं. डॉक्टर माझ्याकडं बघू लागले. मी आठ दिवस मागितले.

त्या आठ दिवसांतलाच एक रविवार. मी स्वयंपाकघरात होते. तव्यावरची भाकर काढून टोपलीत ठेवली आणि पाणी भरायला वळले. आप्पा केव्हा आत आले मला कळलं नाही. त्यांनी भाकरीचा गरम पापुद्रा मोडून दातांच्या फटीतून आत ढकलला होता. ओला न होता तो घशाशी जाऊन चिकटला. आवाज काहीच झाला नाही. मी वळले तेव्हा ते ओट्याला धरून उभे होते आणि त्यांचे ओठ निळे पडत होते.

मी तोंडात बोट घालायला गेले. बोट आत जाईना. दात समोर होते, गुदमरताना आणखी आवळलेली फट होती, आणि त्यातून माझं एक बोट जेमतेम पेरभर शिरलं. जबडा ओढला तर तो लाकडासारखा. आत माझे वडील गुदमरत होते आणि मला दार उघडता येत नव्हतं. मी त्यांना वाकवलं आणि पाठीवर तळहातानं मारत राहिले. किती वेळा मारलं आठवत नाही. शेवटी तुकडा सुटला आणि त्या फटीतूनच ओट्यावर पडला. कोरडा होता. त्यावर तव्याचे डाग तसेच दिसत होते.

आम्ही दोघंही फरशीवर बसलो. माझं बोट त्यांच्या दातांनी सोललं होतं.

दम खाऊन ते म्हणाले, "तुला दात न्हवते तवा तुझी अव्वा भाकर चावून घालायची तुला. मी म्हनायचो, उष्टं कशाला घालायलीस लेकराला. ती म्हनायची, माझ्या तोंडातून गेली की गोड होती, मग खाती."

मला हे माहीत नव्हतं. मी वर्गात इतकी वर्षं जे शिकवत होते तेच अव्वानं मला खाऊ घातलं होतं. एक क्षण मनात आलं, आपणही तसंच करावं. पण आप्पांनी ते कधीच खाल्लं नसतं. मीही विचारू शकले नसते.

दुपारभर डोक्यात तेच घोळत राहिलं. आप्पांचं पीठ दुसऱ्या कुणाच्या तोंडातून गेलं पाहिजे. आणि मग आठवलं, ते काम करायला तोंडच लागतं असं नाही. दाणा रुजताना स्वतःचं पीठ स्वतःच साखर करून कोंबाला घालतो. त्याच्यातही तसलंच विकर असतं.

मी आप्पांना विचारलं, "ज्वारी मोड आणून वाळवली तर?"

"येडी हायस का. कोवळ्या ज्वारीनं जनावर मरतं. मोडातबी तेच इख." मग थोडं थांबून म्हणाले, "गहू घे."

गहू भिजवला, फडक्यात बांधला, मोड आल्यावर गॅलरीत वाळवला आणि मिक्सरमधून काढला. ज्वारीच्या पिठाची घट्ट पेज शिजवली आणि उकळत्या पेजेतच चमचाभर ते पीठ टाकलं. काही झालं नाही. उकळत्या पाण्यात विकर मरतं, हे मी दर वर्षी फळ्यावर लिहिते. दुसऱ्यांदा पेज बोट सोसेल इतकी निवू दिली, मग पीठ घालून ढवळलं. थोड्या वेळात चमचा हलका लागायला लागला. ज्या पेजेत तो उभा राहत होता ती पाण्यासारखी सैल झाली. मग तिला पुन्हा एक उकळी काढली आणि कोमट करून आप्पांना दिली.

त्यांनी फटीतून घोट घेतला. डोळे मिटले.

"साखर घातलीस?"

"नाही."

"मग?"

"गव्हानं चावून दिली."

ते हसले नाहीत. वाटी संपवली आणि पुढं केली. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं.

इथं ही गोष्ट संपली असती तर मला बरं वाटलं असतं. पण पेज ताजीच लागायची, दर तीन तासांनी, आणि ती माझ्याच हातची. शेजारच्या काकूंनी एकदा केली तर आप्पांनी ओठाला लावून ठेवून दिली. मी क्लासचे दोन तास सोडले. बाजारात गेले तरी घड्याळ बघायचे. नळी टळली होती, त्यांचा जीव वाचला होता आणि त्यासोबत माझ्या पायाला एक दोरी बांधली गेली होती. ती दोरी मीच वळली होती.

त्याच महिन्यात नांदेडच्या एका कॉलेजातून पत्र आलं. कायमची जागा. मुलाखत देऊन मी विसरूनही गेले होते. हजर व्हायला पंधरा दिवस होते. भावाला फोन केला.

"छानच की," तो म्हणाला. "पण आप्पांचं एवढं बसवलंयस, आता हलवायचं म्हणजे... तूच बघ. आमच्याकडं तर हिची नोकरी, दोघंही दिवसभर बाहेर."

"पेज करायला दहा मिनिटं लागतात."

"तुझ्याशिवाय दुसऱ्याच्या हातचं खातात का ते?"

मी फोन ठेवला. आप्पांना विचारलं नाही. विचारलं असतं तर ते जा म्हणाले असते, आणि मग खाणं सोडलं असतं, असं मी स्वतःला सांगितलं. ते खरं होतं की मला ते खरं असायला हवं होतं, हे अजून ठरवता आलेलं नाही. पंधरा दिवस मी पेज ढवळत राहिले. सोळाव्या दिवशी पत्र फायलीत ठेवलं.

राग यायचा. वाटी आपटून ठेवायचे. आप्पा बघायचे. एकदा मी पाठमोरी असताना म्हणाले, "तुला कोंडून ठेवलं मी."

"कुणी कोंडलं नाही, आप्पा."

"मला कळतंय. मीबी कोंडलेलाच हाय."

याला दीड वर्ष झालं. त्यांची थोडी लाळ परत आली आहे. डॉक्टर म्हणतात, एवढीच येईल. दातांच्या फटीत आईस्क्रीमच्या काड्या रचून ते रोज व्यायाम करतात, आणि तोंड आता दोन बोटं उघडतं. गहू भिजवणं, मोड आणणं, वाळवणं त्यांनी आपल्याकडं घेतलं आहे. गॅलरीत ओल्या फडक्याला हात लावून मोड किती आले ते सांगतात. पेज मात्र मीच करते. नांदेडची जागा भरली, असं कळलं.

मागच्या आठवड्यात त्यांनी मला हाक मारली. तळहातावर मोड आलेले चार गहू होते. एक दाणा त्यांनी दाढेखाली धरला होता, आणि तो फुटला नाही, दबला.

"गोडी लागली का?" मी विचारलं.

त्यांनी बराच वेळ जबडा हलवला. "न्हाई," म्हणाले. "पन तोंडात वल हाय."

खाली कुणीतरी स्कूटर चालू करत होतं. पेज निवली असणार म्हणून मी आत गेले.