फोमच्या डोंगरावरची रेघ

वीर स्टेशनात उतरून रिक्षाकडे वळलो तेवढ्यात फोन वाजला. नसीमचा होता. युसूफभाईंची मुलगी एरवी कधी दुपारी फोन करत नाही. "गुरुजी, अब्बा गेले," एवढंच ती म्हणाली. मी "कुठे?" असं विचारलं. आता आठवलं तरी लाज वाटते. पण तिनं शांतपणे उत्तर दिलं, "दुकानात. ट्रकची सीट शिवत होते. मशीनवरच मान टाकली." महाडपर्यंतचा रस्ता कसा सरला ते मला सांगता येणार नाही. संध्याकाळी अस्रच्या नमाजानंतर दफन झालं. मी खांदा दिला, माती दिली, आणि कबरस्तानाच्या फाटकाबाहेर चपला घालताना एकदम लक्षात आलं, की या माणसाला एक गोष्ट सांगायची आपण चार वर्षं पुढे ढकलत आलो आणि आता ती सांगायला कोणी उरलं नाही...

त्याला दीड महिना झाला. नसीम म्हणाली, अब्बांबद्दल कोणीतरी लिहायला हवं. म्हणून लिहितो आहे. पण लिहायचं तर सगळंच लिहायला हवं.

चवदार तळ्याकडून बाजारात उतरणाऱ्या एका गल्लीत त्यांचं दुकान. ट्रकच्या सीटा, सोफे आणि मासळीच्या गाड्यांना आतून लावायचा कडक फोम, हा त्यांचा धंदा. मार्चमध्ये तळ्यावर माणसांचा महापूर यायचा तेव्हा माझे वडील मला खांद्यावर घेऊन त्याच गल्लीतून जायचे, आणि दुकानाबाहेर पाण्याचं पिंप भरून ठेवणारा एक तरुण माणूस आम्हाला पेला पुढे करायचा. ते युसूफभाई. पुढे ते आखातात गेले, बारा वर्षांनी परतले, मी तोवर पोलादपूरच्या वर पायरवाडीच्या शाळेत शिक्षक म्हणून लागलो होतो. आखातात ते इमारतींचे छोटे नमुने बनवणाऱ्या एका कारखान्यात होते. "इमारती दुसरी पोरं करायची, डोंगर माझ्याकडं," ते सांगत. "तिकडं वाळूशिवाय काय नाय. मी आपला डोळे मिटून आपल्या हिकडचे डोंगर कापायचो. साहेबाला काय कळतंय!"

परत आल्यावर धंद्यातून उरलेल्या फोमचे ते डोंगर करू लागले. कोणाच्या गणपतीपुढचं गाव, कोणाच्या दिवाळीच्या किल्ल्यामागची रांग, कुठल्या शाळेचं प्रदर्शन. मी तासन्‌तास बघत बसायचो. फोमच्या पाट्या एकावर एक चिकटवून ते आधी लांब पात्याच्या सुरीनं उतार काढत. मग सुरी ठेवून देत आणि कडे मात्र बोटांनी ओरबाडत. सुरीनं कापलेला कडा गुळगुळीत होतो, तो कोणाला खरा वाटत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यावर सरस आणि पुट्टीचा हात फिरे. रंगवताना आधी सगळा डोंगर काळा करायचा, तो वाळला की अर्धवट कोरड्या ब्रशनं वरवर तपकिरी रंग फिरवायचा आणि शेवटी हिरवा भुसा चिकटवायचा. खाचांत काळा राहतो, उंचवट्यांवर उजेड येतो. एक नियम मात्र त्यांनी कधी मोडला नाही. जो डोंगर करायचा, तो आधी पायी चढून बघायचा. फोटोवरून डोंगर करून मागणाऱ्याला ते सरळ परत पाठवत.

चार वर्षांपूर्वी आमच्या शाळेला नवी खोली मंजूर झाली, बांधून झाली आणि जूनअखेर उद्घाटन ठरलं. तालुक्याचे मोठे लोक येणार होते. त्या खोलीत पायरवाडीचाच देखावा ठेवायची कल्पना माझी. युसूफभाईंनी मे महिन्यात येऊन दोन दिवस डोंगर पालथा घातला. वाडीत सतरा घरं, सगळी उतारावर एकाखाली एक. शाळा ओढ्यापलीकडच्या सोंडेवर, वाडीपासून जरा लांब. सगळ्यात वरचं घर धोंडूबाबांचं. त्यांच्याकडे भाकरी खाऊन युसूफभाई वर गेले ते तिन्हीसांजेला उतरले, आणि जाताना माझ्याशी फारसं बोलले नाहीत.

उद्घाटनाच्या तीन दिवस आधी देखावा बघायला मी महाडला गेलो. घरं आगपेटीएवढी, प्रत्येकाचा रंग बरोबर, धोंडूबाबांच्या अंगणातला फणससुद्धा. मी हरखून गेलो होतो. मग मला धोंडूबाबांच्या घराच्या वर, उतारावर आडवी गेलेली एक काळी रेघ दिसली.

"हे काय?"

"भेग हाय. वरची माती हातभर खाली बसलीय," युसूफभाई म्हणाले. "झाडं खालच्या अंगाला कललीत. गुरुजी, ह्या पावसाला मला भ्या वाटतंय."

मला त्या क्षणी भीती वाटली नाही, हे खरं सांगतो. मला राग आला. पाहुण्यांसमोर ही रेघ कोणी बघितली तर? डोंगर धोक्याचा असेल तर इथं खोली कशाला बांधली, असं कोणी विचारलं तर? पुढच्या खोलीच्या मंजुरीचं काय? वाडी उठवणार अशी आवई उठली की लोक माझ्याच नावानं बोटं मोडणार. मी हे सगळं त्यांना बोलून दाखवलं आणि शेवटी म्हणालो, "उद्घाटनापुरती पुसा. ते झालं की मी स्वतः तहसीलला पत्र लिहितो."

त्यांनी रेघेवरून बोट फिरवलं. "नक्की लिहाल?"

"शब्द देतो."

त्यांनी सरसाची वाटी ओढली, रेघेवर ब्रश फिरवला आणि चिमटीनं हिरवा भुसा पसरला. दोन मिनिटांचं काम. डोंगर अगदी हिरवागार दिसू लागला.

उद्घाटन झोकात झालं. धोंडूबाबा येईल त्याला हाताला धरून देखाव्यापाशी नेत होते. "ह्यो माजा घर. आनि ह्यो फनस, बगलास काय?" त्यांची बायको भागीआजी लाजून पदराआड हसत होती. दुसऱ्या दिवसापासून मी प्रवेशाच्या कागदांत बुडालो. पत्राचा मसुदा एकदा मनात केला, पण कागदावर उतरवला नाही. एक आठवडा गेला, दुसरा गेला. युसूफभाईंचा एकदा फोन आला तेव्हा मी म्हणालो, "लिहितोच आहे."

जुलैत पाऊस लागला तो थांबेना. तिसऱ्या दिवशी वीज गेली, फोन गेले. शाळेला सुट्टी होती, पण मी वाडीतल्या माझ्या खोलीवर अडकलो होतो आणि कागद भिजतील म्हणून सकाळीच शाळेत येऊन बसलो होतो. दहाच्या सुमारास दारात युसूफभाई उभे. गुडघ्यापर्यंत चिखल, ओठ निळे पडलेले. महाडात पाणी बाजाराकडे चढत होतं. ज्या सकाळी प्रत्येक दुकानदार आपला माल माळ्यावर टाकत होता, त्या सकाळी हा माणूस दुकान मुलीवर टाकून मिळेल त्या ट्रकनं पोलादपूरला आला होता आणि तिथून डोंगर चढून वर.

"झऱ्याचं पाणी कसं हाय?" हा त्यांचा पहिला प्रश्न.

"बायका म्हणत होत्या, कालपासून तांबडं येतंय."

"म्हणजे आतनं माती सुटलीय," म्हणत ते बाकावर बसले. मग खाली बघतच विचारलं, "पत्र लिहिलंत?"

मी नकारार्थी मान हलवली. त्यांनी मला एखादी शिवी घातली असती तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

"सगळ्यांना हितं बोलवा," ते म्हणाले. "आत्ता. पोरंबाळं घेऊन."

मी घंटा वाजवत सुटलो. पावसात इरली आणि प्लास्टिकचे कागद घेऊन लोक आले, काही कुतूहलानं, काही चिडून. युसूफभाईंनी खिशातून पातं काढलं आणि सगळ्यांसमोर देखाव्यावरचा हिरवा पापुद्रा सोलला. खालची काळी रेघ वर आली. "ही भेग मे महिन्यात हातभर होती. आज किती झालीय ते दोघांनी जाऊन बघून या. बाकी कोणी घराकडं जायचं नाय."

"पावसाल्यात डोंगर वाजतोच रे," धोंडूबाबा म्हणाले. "माजा बापूस ह्याच घरात म्हातारा झाला."

"बाबा, तुमच्या बापाच्या वक्ताला झरा तांबडा आला होता काय?"

दोन गडी वर जाऊन अर्ध्या तासात धावतच खाली आले. एक धापा टाकत बाकावर बसला. दुसरा म्हणाला, "कमरेएवढी काठी टाकली, तल नाय लागला."

मग मात्र वाडी हलली. म्हाताऱ्यांना पाठीवर घेऊन ओढ्याच्या कमरेएवढ्या पाण्यातून दोर बांधून आणलं. एक बाळंतीण होती, तिला खाटेसकट उचललं. युसूफभाई ओढ्यात दोर धरून उभे होते आणि मोठ्यानं माणसं मोजत होते. दुपारी तीनपर्यंत सगळे शाळेत आले. मी हजेरीच्या वहीत नावं लिहिली, दोनदा पडताळली. तेवढ्यात गोठ्यातल्या म्हशीची आठवण होऊन धोंडूबाबा उठले. भागीआजीनं त्यांचा सदरा धरला. "जाव नको, तुमाला सांगतंय!" "दावं सोडतंय नि येतंय," म्हणून ते निघाले. युसूफभाई त्यांच्या मागे धावले, पण ओढ्याच्या मध्यावर त्यांचा पाय निसटला आणि आम्ही दोघातिघांनी त्यांना ओढून काठावर घेतलं. धोंडूबाबा तोवर पलीकडे पोचले होते. वर चढताना त्यांनी मागे वळून हात केला.

आवाज आला तो ट्रक उलटल्यासारखा. मग उताराचा वरचा भाग, झाडं उभीच्या उभी घेऊन, सावकाश खाली सरकला... मला तरी सावकाश वाटलं. सात घरं गेली. धूळ उठली नाही, पावसात नुसता चिखलाचा वास आला. भागीआजी शाळेच्या व्हरांड्याचा खांब धरून त्या दिशेनं बघत होती.

दोन दिवसांनी माणसं आली, यंत्रं आली, धोंडूबाबा सापडले. एका अधिकाऱ्यानं विचारलं, भेग आधी कोणाच्या लक्षात आली होती का? मी युसूफभाईंच्या शेजारीच उभा होतो. त्यांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "माझ्या आली होती. सांगायला मला उशीर झाला." मी तोंड उघडलं नाही. अधिकाऱ्यानं लिहून घेतलं आणि तो पुढे गेला.

महाडला ते परतले तेव्हा दुकानात पाणी छातीपर्यंत येऊन गेलं होतं. मशीन गंजलं, आणि नसीमनं माळ्यावर टाकला तेवढाच माल वाचला. त्याबद्दल त्यांनी कधी चकार शब्द काढला नाही. पुढची चार वर्षं आम्ही भेटत राहिलो, चहा पीत राहिलो. दर मे महिन्यात ते कशेडी घाटाच्या अंगाच्या, पोलादपूरच्या वरच्या वाड्यांवर जायचे आणि एकेका वाडीचा डोंगर फोममध्ये करून, जिथं जिथं भेग दिसली तिथं रेघ ठेवून, तिथल्या शाळेत नेऊन द्यायचे. मी त्यांच्याबरोबर पिशवी धरून हिंडायचो, आणि प्रत्येक वाडीचं पत्र त्याच दिवशी लिहायचो. पण त्या दोन मिनिटांच्या कामाबद्दल आम्ही एकमेकांशी कधी बोललो नाही. माफी मागायची ती मी रोज उद्यावर टाकत गेलो.

गेल्या रविवारी मी भागीआजीकडे गेलो. वाडीचं पुनर्वसन खालच्या सपाटीवर झालंय, एकसारखी घरं, तिचं कडेचं. युसूफभाई गेल्याचं तिला कळलं होतं. मी दारातच उभ्याउभ्या सांगायला सुरुवात केली, नाहीतर पुन्हा राहून गेलं असतं. "आजी, देखाव्यावरची ती रेघ..."

"ती त्यानं पुसली व्हती," ती म्हणाली. "मला म्हाईत हाय. पयल्याच साली येऊन पायाशी बसला नि सांगितलान. म्हनला, मी पुसली, माजी चूक हाय, काय बोलायचा ता बोल. मी काय बोलनार? दर साली यायचा, डोंगर पडला त्या दिवशी. हात हलवीत कधी आला नाय."

तिनं फळीकडे बोट केलं. तिथं फोमचं बोटभर उंचीचं घर होतं. शेजारी गोठा, पुढच्या साली आणलेला. मग म्हैस. मग फणस. चार पावसाळ्यांत त्यांनी तिचं अंगण तिला थोडंथोडं आणून दिलं होतं, आणि मला त्यातलं काही माहीत नव्हतं. "डोंगर आनू काय म्हनून इचारलान एकदा," ती म्हणाली. "मी म्हटलं, नको."

"आजी, त्यांनी नाही पुसली," मी म्हणालो. "म्हणजे हात त्यांचा होता. मी सांगितलं म्हणून पुसली. पत्र लिहितो म्हणालो होतो, तेही लिहिलं नाही. ते माझ्यासाठी खोटं बोलले."

बाहेर कोणाची तरी कोंबडी ओरडत होती. मला वाटलं, ती आता दार लावून घेईल, आणि तसं तिनं केलं असतं तर माझं काही म्हणणं नव्हतं. ती उठली, फळीवरची म्हैस उचलून पदरानं पुसली, परत होती तिथं ठेवली. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली,

"मंग आता त्या दिसाला तुमी येत जावा."