दोन स्क्रीनमधला पेशंट

आमची ताई वस्तू हातात दिल्याशिवाय ती दिली असं मानतच नाही. "टेबलावर ठेवलीय" म्हटलं की तिचं डोकं फिरतं. यावरून मी तिची भरपूर टिंगल करतो.

ती मोबाइलची ॲप लिहिते. हॉस्पिटलातल्या नर्ससाठीचं एक ॲप तिच्या गळ्यात पडलं, कारण ते लिहिणारा नोकरी सोडून गेला होता. ते वापरताना एका नर्सच्या हातून एका म्हाताऱ्याला भलताच डोस गेला. म्हातारा थोडक्यात वाचला. नर्सला मात्र घरी बसवलं. तिनेच चुकीचं नाव दाबलं, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं.

ताई त्या कोडमध्ये डोकं घालून बसली. काही विचारलं की खेकसायची. शेवटी एकदा ताट बाजूला सारून म्हणाली, "अरे, त्या बाईने बरोबरच नाव दाबलं होतं!"

घोळ असा होता. निवडलेला पेशंट त्या आधीच्या शहाण्याने एका सामायिक जागेत ठेवला होता. प्रोग्रामर तिला ग्लोबल व्हेरिएबल म्हणतात. कुठल्याही स्क्रीनने यावं, वाचावं, बदलावं. आमच्या घरातली कात्री अशीच, सगळ्यांची आहे म्हणून कधी जागेवर नसते. नर्सने म्हाताऱ्याचं नाव दाबलं, स्क्रीनवर ते उमटलं. तेवढ्यात ॲपमध्ये शेजारच्या खाटेचा इशारा वाजला आणि इशाऱ्याच्या स्क्रीनने त्या जागेत गुपचूप शेजारचा पेशंट आणून बसवला. वर नाव म्हाताऱ्याचं, खाली डोस शेजाऱ्याचा.

ताईने ती जागाच उडवली. आता यादीची स्क्रीन पुढच्या स्क्रीनच्या हातात पेशंटचा नंबर देते. नंबर मिळाला नाही तर पुढची उघडतच नाही.

ताईचे साहेब खूश झाले. "छान. अपडेट सोडून दे. वाच्यता नको."

"आणि ती नर्स?"

"तो हॉस्पिटलचा प्रश्न."

मला त्या माणसाची अजून चीड येते. ताई मात्र घाबरली. बोललं तर नोकरी जाईल, असं तिला वाटत होतं. तरी ती हॉस्पिटलातल्या नर्सच्या प्रमुख मेट्रनबाईंकडे गेली आणि जुन्या ॲपवर चूक घडवून दाखवली. नाव दाबलं, इशारा वाजवला, डोस बदलला. मेट्रनबाईंनी स्वतः एकदा करून पाहिलं. मग म्हणाल्या, "तिला परत बोलावते."

हे फोनवर सांगायला ताई तयार नव्हती. मला घेऊन ती नर्सच्या घरी गेली.

नर्सने सगळं उभ्यानेच ऐकलं. "म्हणजे मी बरोबर दाबलं होतं?"

"हो. अगदी बरोबर."

आत तिची मुलगी खोकत होती. सासूबाई औषधाची बाटली घेऊन निघाल्या होत्या.

"तेव्हापासून मी पोरीलाही औषध देत नाही," नर्स म्हणाली. "माझ्या हातांची मलाच भीती वाटते."

ताईने सासूबाईंकडून बाटली घेतली आणि नर्सच्या हातात दिली. तिने लेबल वाचलं. पुन्हा वाचलं. झाकण उघडलं, चमचा मागितला, आणि थांबली.

"आई," ती सासूबाईंना म्हणाली, "आज तुम्हीच द्या."