आत्याची आरोळी

माझ्या आत्याला कुजबुजता येत नसे. काशीमीऱ्याला हायवेच्या कडेला एका खानावळीच्या चुलीपुढे तिने उभी हयात काढली. ट्रकांच्या घरघरीतून "दोन राइसप्लेट घेऊन जा!" हे रस्त्यापलीकडच्या गॅरेजवाल्यापर्यंत पोचवायचं, तर तसा गळा लागणारच. काम सोडून ती आमच्याकडे राहायला आली, पण आवाज काही खाली आला नाही. गुपित सांगायला ती तोंड कानाशी न्यायची आणि ते सगळ्या जिन्याला ऐकू जायचं.

भाईंदरच्या आमच्या बिल्डिंगला मात्र या गळ्याचा फार उपयोग. नळाला पाणी कधी येईल याचा नेम नसे. आत्याने गॅलरीतून "आलं ऽ ऽ!" अशी आरोळी ठोकली की चारही मजल्यांवर बादल्या खणखणायच्या. तळमजल्यावरच्या गुजराती काकी म्हणायच्या, "मौसी है तो पानी की फिकर नहीं." यावर आत्या ऐटीत पदर खोचायची, जणू पाणी तिनेच पाठवलंय.

माझा साखरपुडा झाला आणि त्याच सुमारास माझी पाळी चुकली. एक महिना, मग दुसरा. छाती इतकी दुखायची की बॅगेचा पट्टा लागला तरी डोळ्यांत पाणी यायचं. त्यात गोदामातली नोकरी, जेवणाला वेळ नाही, म्हणून पित्त. सकाळी बेसिनपाशी ओकाऱ्या. हे सगळं पाहून आईने काय समजायचं ते समजून घेतलं. घरी टेस्ट केली, 'नाही' आली. पुन्हा केली, पुन्हा 'नाही'. "किट खराब असेल," आई म्हणाली. आता लग्न मोडणार, लोक तोंडात शेण घालणार, असं ती दार लावून आत्याशी कुजबुजायची. माझ्याशी तर बोलणंच टाकलं. आमच्या घरात पाळीला 'प्रॉब्लेम' म्हणत. आता प्रॉब्लेम न येणं हाच प्रॉब्लेम झाला होता.

आत्याने मला एकदाच विचारलं, "कुणाबरोबर काही झालंय का?"

मी मान हलवली.

"तोंडाने बोल."

"नाही, आत्या."

झालं. ती आईकडे वळली. "वहिनी, पोरगी नाही म्हणतेय म्हणजे नाही. आता दुखतंय कशानं ते बघू." माझ्या नुसत्या शब्दावर विसंबणारी घरात ती एकटी होती. ते मी जन्मभर विसरणार नाही.

दवाखान्यात बाकावर बायका दाटीने बसलेल्या आणि डॉक्टरबाईंच्या केबिनला नुसता पडदा. मी पुटपुटले, "मॅडम, तो जरा... प्रॉब्लेम..."

"पाळी!" आत्या कडाडली. "पाळी चुकलीय, छाती दुखतेय आणि पोटात मूल नाही. असं का होतंय, ते सांगा!"

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. तेवढ्यात बाकावरून कुणीतरी म्हणालं, "मेरा भी ऐसाच हुआ था, थायरॉइड निकला." दुसरी म्हणाली, "माझी तर टेन्शनने थांबलेली." बघता बघता बाहेर सभाच भरली.

डॉक्टरबाईंनी हसत मला तपासलं. "कुठली गोळी चालू आहे?"

"कुठलीच नाही."

"खोटं!" आत्या म्हणाली. "ती पित्ताची कॅप्सूल? रोज चहाआधी पेपरमिंटसारखी खाते!"

मला ती औषधात धरावी असं वाटलंच नव्हतं. मेडिकलमधून कुणीही आणतं. डॉक्टरबाईंनी मूल नसल्याची पुन्हा खात्री करून घेतली, रक्त तपासायला पाठवलं आणि रिपोर्ट आल्यावर समजावलं. त्या कॅप्सूलमध्ये ओकारीवरचंही औषध होतं; त्याने अंगात दूध आणणारं हार्मोन वाढलं होतं. शरीराची समजूत झाली की बाळ आहे, म्हणून छाती दुखू लागली आणि पाळी थांबली. "ही कॅप्सूल बंद. पित्ताला दुसरं देते. वेळेवर जेवायचं, आणि तरी पाळी आली नाही तर परत यायचं. कारणं पुष्कळ असतात."

घरी येताच आत्याने निकाल दिला. "ऐकलंत वहिनी? शरीर फसलं, पोरगी नाही!"

आईने ऐकलं, पण तिचा जीव भांड्यात पडेना. मग काही आठवड्यांनी एका दुपारी मी बाथरूममधून बाहेर आले आणि आत्याच्या कानात हळूच सांगितलं. ती तडक गॅलरीत.

"आली ऽ ऽ!"

चारही मजल्यांवर बादल्या खणखणल्या. काकी खालून ओरडल्या, "मौसी, नल तो सूखा है!"

"पाणी नाही गं बाई, पाळी! आमच्या पोरीची पाळी आली!"

काकींनी टाळ्या वाजवल्या आणि वरच्या मजल्यावरही हसू फुटलं. आईने डोळे पुसत शिरा केला, बशी माझ्यापुढे ठेवली आणि कितीतरी दिवसांनी बोलली, "खा, गरम आहे."

लग्न ठरल्या दिवशीच झालं. पुढे आत्या थकली आणि गावी, परभणीला, काकाकडे राहायला निघाली. मी आणि माझा नवरा तिला काशीमीऱ्याला ट्रॅव्हल्समध्ये बसवायला गेलो. बस हलली तशी ती खिडकीतून अर्धी बाहेर आली.

"वेळेवर जेवत जा!"

"हो!"

"आणि या महिन्याची आली का गं?"

रिक्षावाले वळून बघायला लागले. नवरा चपलांकडे बघू लागला. मी छाती भरून श्वास घेतला आणि सगळ्या ट्रकांच्या वर आवाज चढवला, "आली ऽ ऽ, आत्या! वेळेवर आली!"

खिडकीतून तिने दोन्ही हात उंचावले. रस्त्यापलीकडचा तो म्हातारा गॅरेजवाला हातात पाना घेऊन धावत बाहेर आला आणि आता बंद पडलेल्या खानावळीकडे बघू लागला. त्याला वाटलं, आत्याच ओरडली.