टाचणीमास्तरांची राखण

चर्चच्या मंडळीत त्यांना टाचणीमास्तर म्हणत. धंदा शिवणकामाचा, कोटाच्या कॉलरला टाचण्या कायम लावलेल्या. उपदेशक जिथे शास्त्र सोडून बोलेल, तिथे मास्तर आपल्या बायबलच्या पानाला एक टाचणी टोचायचे. उपासना संपली की पाळकांपुढे बायबल उघडून, "आज सात," म्हणायचे. पाळक बिचारे चहाचा कप घेऊन हळूच सटकायचे. खोट्या शिकवणीपासून मंडळी राखायला देवाने आपल्यालाच नेमलंय, याबद्दल मास्तरांना तिळमात्र शंका नव्हती. देवाला त्या दिवशी दुसरं कोणी सापडलं नसावं, असं आता ते स्वतःच म्हणतात.

एकच गोष्ट त्यांना सलत होती. थोरला भाऊ आजारात गेल्यापासून दोन वर्षं वहिनींनी उपासनेचं तोंड पाहिलं नव्हतं. हा कुणा भोंदू उपदेशकाचाच प्रताप, असं मास्तरांनी ठरवून टाकलं होतं. म्हणून, विश्वास पक्का असेल तर आजार टिकतच नाही, असं सांगत फिरणारा एक पाहुणा उपदेशक येणार म्हटल्यावर त्यांनी वहिनींना गळ घातली. "या तर खरं! त्याची कशी भंबेरी उडवतो बघा. मग तुम्ही परत याल."

वहिनी आल्या, अगदी मागच्या बाकावर बसल्या. पाहुण्याने ते वाक्य उच्चारलं मात्र, मास्तर ताडकन उठले.

"साफ खोटं! ज्यांची माणसं गेली त्यांच्या जखमेवर मीठ चोळताय? कुणी शिकवलं हे तुम्हाला?"

पाहुणा गडबडला. पाळकांनीसुद्धा मान डोलावली. वा रे पठ्ठे! मास्तर छाती फुगवून मागे वळले, तर वहिनी डोळ्यांना पदर लावून बाहेर निघालेल्या.

पायरीवर त्यांनी गाठलं तेव्हा वहिनी म्हणाल्या, "भावजी, ह्यांच्या उशाशी बसून तुम्ही मला हेच सांगितलं होतं. विश्वास वाढवा वहिनी, दादा उठून बसेल."

अरे देवा! मास्तरांना शब्दन् शब्द आठवला. किती छान बोललो म्हणून त्या दिवशी घरी येऊन बायकोलाही ऐकवलं होतं.

"दोन वर्षं शोधतेय मी, माझा विश्वास कुठे कमी पडला ते."

मास्तर मटकन पायरीवर बसले. "कुठेच नाही हो, वहिनी. खोटं मी शिकवलं. चुकलो."

"मग आत चला," वहिनी डोळे पुसत म्हणाल्या, "आणि हे तेवढ्याच मोठ्याने सांगा."

मास्तर गेले. वहिनी पुन्हा मागच्याच बाकावर बसल्या. आयुष्यात पहिल्यांदाच मास्तरांचा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचेना, तेव्हा वहिनी उठल्या आणि पुढच्या बाकावर येऊन बसल्या.