मागून नेलेला विस्तव

“चुली किती?”

कुणाच्याही उंबऱ्यात पाय ठेवला की त्यांचा पहिला प्रश्न हा. चप्पल एका पायातून निघालेली, दुसरी अजून पायातच आणि मान आत वळवून चूल शोधणं चाललेलं. पुतण्याला मुलगी सांगून आली तेव्हासुद्धा त्यांनी मुलीच्या बापाला आधी हेच विचारलं. तो बिचारा गांगरून “एकच” म्हणाला आणि उगाचच शपथ घेऊ लागला.

रत्नागिरीच्या दिवाणी कोर्टात ते वकील होते. पण वकिली बेताचीच. वाटणीच्या दाव्यात प्रत्यक्ष जागा पाहून यायला कोर्ट ज्याला कमिशनर म्हणून धाडतं, ते काम मात्र बहुतेक त्यांच्याकडे यायचं. मी कोर्टातला कारकून. दौत-टाक घेऊन त्यांच्यामागून हिंडायचं आणि ते सांगतील ते लिहायचं, हे माझं काम. खरं सांगायचं तर मला त्यांचा कंटाळा यायचा. एवढा चिकित्सक माणूस बरोबर असला की जेवणाची वेळ टळते.

स्वतःच्या घरी त्यांची चूल नव्हती. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही, दोन्ही वेळा खानावळ. एकतीस सालच्या खानेसुमारीचा माणूस दारात आला तेव्हा हे म्हणाले, “माझ्याकडे चूल नाही, तेव्हा हे घर नव्हे. पुढं जा.” तो शाळामास्तर होता, तोही हटेना. अर्धा तास वाद झाला. शेवटी मास्तरांनी काय लिहिलं कोण जाणे; हे मात्र आठवडाभर खुशीत होते.

लांज्याच्या पलीकडच्या एका गावातल्या त्या दाव्यापर्यंत मी त्यांना एक विक्षिप्त गृहस्थ समजत होतो.

दोन भाऊ होते. धाकटा मुंबईला गिरणीत होता, तो तिथंच वारला. त्याची विधवा म्हणत होती, नवरा हयात असतानाच आम्ही वेगळे झालो. थोरला म्हणत होता, छे, आमचं घर एकच. त्या काळच्या कायद्यानं सगळं या एका गोष्टीवर ठरणार होतं. वेगळे झाले असतील तर धाकट्याची भातखाचरं, आंब्याची कलमं आणि अर्धं घर विधवेचं. घर एक असेल तर सगळं थोरल्याचं, आणि हिला त्याच्या दारात पोटापुरतं.

आम्ही पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. थोरल्याच्या बायकोनं गूळपाणी पुढं केलं. “लांबनं आलाव, जरा बसा,” म्हणाली. कमिशनरसाहेबांनी गुळाचा खडा तोंडात टाकला आणि नेहमीचा प्रश्न विचारला.

“एक,” थोरला म्हणाला.

विधवेनं पडवीच्या कोपऱ्याकडे बोट केलं. तिथं चूल नव्हती. ताजी सारवलेली जमीन होती; शेणाचा वाससुद्धा गेला नव्हता. वरचे वासे मात्र काळेकुट्ट.

“न्हाणीची चूल व्हती. पानी तापवायची. काढली,” थोरला म्हणाला.

साहेब पाटावर चढले. वाशावरून बोट फिरवलं, अंगठ्यावर घासलं, मला दाखवलं. “लिहा. पाणी तापवायच्या चुलीची काजळी कोरडी असते. ही चिकट आहे. इथं फोडण्या झाल्यात.”

थोरल्याचा चेहरा उतरला, पण तोही कच्चा नव्हता. “मग गनपती एकच कसा? ह्या बाईला इचारा, गनपतीत ती खय जेवते?”

विधवेनं क्षणभरही विचार केला नाही. “भावोजींच्या चुलीवर. गनपती दोन कसे व्हतील, सायेब?”

मला तिचा राग आला. एका वाक्यात तिनं अर्धा दावा घालवला होता. पण मला ते लिहावं लागलं.

“आणि गणपती गेल्यावर?” साहेबांनी विचारलं.

“आमच्यातच. माज्या बायकोला इचारा.”

तिला आधीच पढवलेलं होतं. ती दाराआडून खाली मान घालून म्हणाली, “आमच्यातच जेवते.”

साहेब दाराकडे वळले. मग अगदी सहज, घरच्या माणसाशी बोलावं तसं म्हणाले, “मग बाई, गावात असं का बोलतात, की तुम्ही जावेला टाकलंत? साधा विस्तवसुद्धा देत नाही म्हणून?”

ती ताडकन बाहेर आली. “कोन मेला बोलतो? रोज सकाळी इस्तव मागायला येते ती. मीच देते, करवंटीत घालून! एक दिवस नाय म्हनलं नाय मी!”

एका चुलीवर जेवणारी बाई विस्तव मागायला कशाला येईल? हे थोरल्याला कळलं, मला कळलं, आणि नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिल्यावर तिलाही कळलं. तिचा हात पदरावर तसाच राहिला.

माझा टाक कागदावर टेकलेला होता. साहेबांनी हातानं मला थांबवलं.

“बाई, हे लिहून घेऊ ना?” त्यांचा आवाज बारीक झाला होता.

थोरला दोन पावलं पुढं आला. मला वाटलं, हा आता हिच्यावर हात टाकतो. तिनं एकदा जावेकडे पाहिलं.

“लिवा,” ती म्हणाली. “नेते ती.”

परतीच्या मोटारीत मी त्यांची तोंडभर स्तुती केली. ते खिडकीबाहेर पाहत होते. “गावात कुणी काही बोलत नव्हतं,” ते म्हणाले. “मी बनवून विचारलं. तिच्या हातचा गूळ खाऊन.”

विधवेला वाटा मिळाला. निकाल ऐकायला ते आले नाहीत. त्यानंतर लांज्याकडचा कुणीही पक्षकार कोर्टात दिसला की ते त्याला गाठायचे, “त्या थोरल्याची बायको नांदते आहे ना हो?” कुणी म्हणे माहेरी घालवली, कुणी म्हणे ठाऊक नाही. एकदा ते लांज्यापर्यंत जाऊन तसेच परत आले. पुढं जायचा धीर झाला नाही, असं त्यांनी मला स्वतः सांगितलं. “खरं तेच तर बाहेर आलं, तुमचं काय चुकलं?” मी चिडून विचारलं. त्यांनी टोपी घातली आणि खानावळीची वाट धरली. त्या दिवशी मला पहिल्यांदा त्यांच्याबद्दल माया वाटली.

पुढं ते आजारी पडले. पुतण्यानं त्यांना नाटे गावी आपल्या घरी नेलं आणि तिथंच ते गेले.

त्यांना जाऊन दीड महिना झाला असेल. कोर्टाच्या व्हरांड्यात दोन बायका कुणाला तरी शोधत होत्या. एक ती विधवा, दुसरी तिची जाऊ.

“त्ये कमिशनरसायेब खय हायत?”

मी सांगितलं. जाऊ भिंतीला टेकून उभी राहिली. मग विधवाच बोलली. थोरल्यानं जावेला त्याच रात्री बाहेर काढलं होतं. तेव्हापासून ती विधवेकडेच होती. “आमी येकत्र ऱ्हातो. सायेब आमची चौकशी करत व्हते, ता आमाला आता कळला. म्हनून आलो.”

जाऊ माझ्यापुढच्या दौतीकडे पाहत होती. “मी बरी हाय,” ती म्हणाली. “तुमी लिवून ठेवा.”

दावा निकाली निघाला होता, विचारणारा माणूस उरला नव्हता. तरी मी कोरा कागद ओढला आणि ती समोर उभी असतानाच तिचे शब्द लिहिले.